ताप आला आणि शाळा आहे: आजारपण, सुट्टी आणि हजेरी यांचा मेळ कसा घालायचा

तिसरा तास चालू होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा वहीवर डोकं टेकवून बसला होता. कपाळाला हात लावला तर चांगलंच तापलेलं. ऑफिसातून घरी फोन गेला, तेव्हा वडील म्हणाले, "सकाळी अगदी ठणठणीत होता हो." मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "आईनं गोड औषध दिलं, मग बरं वाटलं." खोटं कुणीच बोलत नव्हतं. पॅरासिटामॉलचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. सव्वासातला दिलेला डोस साडेअकराच्या सुमारास उतरायला लागतो, आणि तोवर ते मूल भरलेल्या वर्गात चार तास बसून झालेलं असतं.

मी बरीच वर्षं वर्गशिक्षिका आहे आणि घरी आईही आहे. हजेरीपटाच्या दोन्ही बाजू पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली: आजारपणातले बहुतेक घोळ सकाळच्या त्या पंधरा मिनिटांत होतात. रिक्षा दारात, ऑफिसची घाई, आणि मूल म्हणतंय 'बरं वाटत नाही'. तेव्हा सुचतं ते सोयीचं असतं. म्हणून बरेचसे निर्णय आधीच घेऊन ठेवलेले बरे.

वर्ष सुरू होतानाच

शाळेच्या डायरीची पहिली किंवा शेवटची पानं कुणी वाचत नाही. एकदा वाचा. गैरहजेरी किती वाजेपर्यंत आणि कुणाला कळवायची, कितव्या दिवसापासून डॉक्टरांचा दाखला लागतो, औषध शाळेत देतात का, किमान हजेरी किती टक्के हवी आणि परीक्षेच्या दिवशी मूल आजारी पडलं तर काय, एवढी उत्तरं शोधा. डायरीत नसतील तर पहिल्या पालकसभेत विचारा. ऐन परीक्षेत विचारलं की शाळेला तुमचा प्रश्न सबबीसारखा वाटतो.

शाळेकडे दोन नव्हे, तीन फोन नंबर द्या. तिसरा अशा माणसाचा हवा, जो अर्ध्या तासात शाळेत पोचू शकेल. आजी, मावशी, शेजारच्या काकू, कुणीही चालेल, पण त्यांना आधी विचारलेलं असावं आणि मुलाला न्यायची परवानगी त्यांच्या नावानं लेखी दिलेली असावी. नंबर बदलला तर त्याच आठवड्यात कळवा. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्या बाईंचा आवाज मला ओळखता येईल.

आणि सगळ्यात अवघड काम: मूल आजारी पडलं तर घरी कोण थांबणार, हे आधी ठरवा. आजारी मुलाला शाळेत पाठवणारे पालक निष्काळजी असतात असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. बहुतेकांकडे त्या दिवशी दुसरा पर्यायच नसतो. सोमवारी आई, मंगळवारी बाबा, अशी नुसती तोंडी वाटणी झालेली असली तरी सकाळचा वाद वाचतो.

सकाळचा निर्णय

स्वतःला तीन प्रश्न विचारा. मूल वर्गात बसून, ऐकून, लिहून दिवस काढू शकेल का? त्याच्याकडे इतकं लक्ष द्यावं लागेल का, की बाकीचा वर्ग बाजूला ठेवावा लागेल? त्याच्यामुळे इतरांना लागण व्हायचा धोका आहे का? एकाही उत्तरानं गडबड केली तर घरी ठेवा.

ताप हातानं नव्हे, थर्मामीटरनं बघा. 100.4 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त, याला बहुतेक ठिकाणी ताप धरतात. काखेत मोजलं तर आकडा थोडा कमी येतो. गरम पाण्यानं अंघोळ झाल्या झाल्या किंवा पांघरुणातून उठल्या उठल्या मोजू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. औषध देण्याआधी मोजा, ही सूचना सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी. आणखी एक: तापासाठी मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. विषाणूच्या तापात त्यामुळे 'राय सिंड्रोम' हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

नुसतं नाक गळतंय, थोडा खोकला आहे, पण मूल खेळतंय, खातंय, ताप नाही? पाठवा. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. दर सर्दीला पाच दिवस घरी ठेवायचं म्हटलं तर शाळेचे तीस-चाळीस दिवस असेच जातील. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असंही नाही. रुमाल द्या, कोपरात खोकायला शिकवा आणि जाऊ द्या.

उलटी, जुलाब, तापाबरोबर पुरळ, खोकून खोकून दम लागणं, यांत मात्र प्रश्नच नाही, घरीच ठेवा. आणि श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, मान ताठ झाली असेल, मूल गुंगीत असेल, बराच वेळ लघवी झाली नसेल, किंवा अंगावर दाबूनही फिके न पडणारे जांभळट डाग असतील, तर शाळेचा विचार सोडा आणि थेट दवाखाना गाठा.

शाळेला कळवताना

हजेरी घेण्याआधी कळवा. हा नुसता शिष्टाचार नाही. मूल घरून निघालं पण शाळेत पोचलं नाही, ही शक्यता शाळेला दर गैरहजेरीत धरावी लागते. म्हणूनच निरोप नसेल तर चांगल्या शाळा पहिल्याच तासात घरी फोन करतात. तो फोन आला की चिडू नका.

निरोप मोठा नको. असा पुरे:

"नमस्कार मॅडम. सहावी ब, हजेरी क्रमांक 17. काल रात्रीपासून ताप आहे, आज शाळेत येणार नाही. दुपारी डॉक्टरांकडे जाणार आहोत. उद्याचं संध्याकाळी कळवते."

नाव किंवा क्रमांक, कारण, किती दिवस, पुढचा निरोप कधी. बस्स. हा निरोप वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. मुलाला काय झालंय हे चाळीस घरांना कळायचं कारण नाही, आणि त्याखाली आलेल्या फुलांच्या चित्रांमध्ये वर्गशिक्षिकेला मूळ निरोप सापडत नाही.

संसर्गजन्य आजार असेल तर मात्र नाव सांगा. कांजिण्या, गोवर, रुबेला, गालगुंड, डांग्या खोकला लपवला तर त्रास दुसऱ्यांना होतो. वर्गात एखाद्या मुलाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालेली असते, एखाद्या बाई गरोदर असतात. त्यांनी वेळेत डॉक्टरांना विचारलं तर पुढचं टाळता येतं. शाळेनं अशी सूचना देताना आजार सांगावा, मुलाचं नाव सांगू नये.

शाळेतून फोन आला तर

'संध्याकाळपर्यंत थांबवता येईल का?' असं विचारू नका. आजारपणाची खोली म्हणजे बहुतेक शाळांत एक खाट आणि एक पंखा असतो. फोनवर तीनच गोष्टी विचारा: ताप किती, कधीपासून, आणि काही औषध दिलं का. सकाळी घरी औषध दिलं असेल तर वेळेसकट सांगून टाका. संकोचानं ते लपवलं की शाळेत दुसरा डोस जायची भीती असते.

परत कधी पाठवायचं

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. काही वेळा आपण फार लवकर पाठवतो, काही वेळा उगाच आठवडाभर घरी बसवतो.

तापासाठी नियम असा: तापाचं औषध न देता 24 तास ताप आलेला नसावा, आणि मूल एकंदर सुधारत असावं. 'न देता' हे दोन शब्द महत्त्वाचे. काल दुपारी चारला शेवटचा ताप होता, तर आज सकाळी सातला 15 तासच झाले. आज घरी. थोडा खोकला मागे राहिला तर हरकत नाही, तो कधी कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो.

उलट्या-जुलाबांसाठी देशोदेशी थोडा फरक आहे. ब्रिटनमध्ये शेवटच्या उलटी-जुलाबानंतर 48 तास घरी ठेवायला सांगतात, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 24 तास. शाळेचा नियम नसेल तर मी 48 तास पाळते. नोरोव्हायरससारखा विषाणू मूल बरं दिसायला लागल्यावरही शरीरातून बाहेर पडत राहतो, आणि त्याच्यावर हाताला चोळायचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबण आणि पाणीच लागतं. वर्गात कुणाला उलटी झाली की बाटली घेऊन धावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. पुरळ उठल्यापासून याला साधारण पाच दिवस लागतात, पण दिवस मोजण्यापेक्षा फोड बघा. खपल्या पडेपर्यंत थांबायची गरज नाही. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल संसर्ग देत असतं, त्यामुळे शेजारी बसणाऱ्या मुलाच्या घरी पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवायला हवं. लागण झाल्यापासून फोड यायला 10 ते 21 दिवस लागतात.

गोवर यापेक्षा कितीतरी जास्त पसरतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो, आणि लस न घेतलेल्या, जवळ आलेल्या दहांपैकी नऊ जणांना लागण होऊ शकते. पुरळ उठल्यानंतर किमान चार पूर्ण दिवस मूल घरीच. वर्गात गोवर निघाला की लसीकरणाचं कार्ड शोधावं लागतं, म्हणून त्याचा फोटो फोनमध्ये असू द्या. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. डांग्या खोकल्यात डॉक्टर अँटिबायोटिक देतात. ते सुरू झाल्यावर किती दिवसांनी पाठवायचं यात ठिकठिकाणी फरक आहे, बऱ्याच ठिकाणी पाच दिवस सांगतात. औषधच घेतलं नाही तर खोकला सुरू झाल्यापासून तीन आठवडे. स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूमुळे घसा आला असेल तर अँटिबायोटिक सुरू होऊन 24 तास झाले आणि ताप नसला की चालतं. मात्र गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून डबी कपाटात जाऊ नये. खरूज असेल तर मलमाचा पहिला उपचार पूर्ण झाला की पाठवा, पण घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायला हवा.

आता ज्यांना उगाच घरी बसवतात ते. डोळे आले की शाळेतून लगेच परत पाठवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण साध्या डोळे येण्यात, मुलाला ताप नसेल आणि ते हात धूत असेल, तर आरोग्य यंत्रणा सरसकट घरी ठेवायला सांगत नाहीत. हात-पाय-तोंडाच्या आजारातही (हातापायांवर पुरळ, तोंडात फोड) मूल नीट खात-खेळत असेल तर तेच. तुमच्या शाळेचा नियम कडक असेल तर पाळा, पण पालकसभेत बोला.

आणि उवा! डोक्यात उवा दिसल्या म्हणून मुलीला भर वर्गातून उठवून घरी पाठवल्याचं मी पाहिलं आहे. तिचा चेहरा अजून आठवतो. उवा सापडतात तेव्हा त्या बहुधा महिनाभर तरी डोक्यात असतात, त्यामुळे उरलेल्या दोन तासांत काही आकाश कोसळत नाही. त्यांच्यामुळे रोग पसरत नाहीत, आणि स्वच्छतेशीही त्यांचा संबंध नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर 'एकही लीख दिसली तर प्रवेश नाही' हा नियम शाळांनी सोडून द्यावा असंच सांगते. शाळा सुटल्यावर घरी शांतपणे सांगा, त्याच संध्याकाळी उपचार, दुसऱ्या दिवशी शाळा.

अर्ज आणि दाखला

परतताना अर्जावर तारखा स्पष्ट लिहा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, शाळेचे एकूण इतके दिवस. 'तब्येत बरी नव्हती' हे कारण चार अर्जांत चार वेळा आलं तर त्यातून कुणालाच काही कळत नाही, 'उलट्या आणि ताप' लिहा. डॉक्टरांना आजारपणातच दाखवलं तर दाखला मिळतो. बरं झाल्यावर जाऊन 'मागच्या सोमवारपासूनचं लिहून द्या' म्हटलं की प्रामाणिक डॉक्टर नाही म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. दाखला देण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवा. शाळेच्या फायलींत कागद हरवतात, हे मी शाळेच्या आतून सांगते आहे.

एक-दोन दिवसांच्या सर्दीतापासाठी दाखला मागणाऱ्या शाळांचं मला पटत नाही. नुसत्या कागदासाठी तापलेलं मूल दवाखान्याच्या गर्दीत बसतं, आणि तिथून आणखी काहीतरी घेऊन येतं. तीन दिवसांपुढे, संसर्गजन्य आजारात किंवा परीक्षा बुडाल्यावर मागा.

सहलीला किंवा समारंभाला गेलात तर तसंच लिहा. तापाचा अर्ज घेऊन आलेलं मूल दुसऱ्या तासाला समुद्राचं वर्णन करतं. दरवेळी.

शाळेत औषध

दप्तरात सुट्या गोळ्या देऊ नका. मुलं वाटून घेतात. अगदी दुसरा मार्गच नसेल तर शाळेच्या वेळेत डोस ठेवा. दिवसातून तीनदा घ्यायचं औषध सकाळी, शाळेतून आल्यावर आणि झोपताना असं बसतं का, हे डॉक्टरांना विचारा. नसेल बसत तर मूळ वेष्टनात, मुलाचं नाव, मात्रा, वेळ आणि डॉक्टरांची चिठ्ठी लावून, मुलाच्या हाती नव्हे तर स्वतः ऑफिसात द्या.

दमा, टाइप 1 मधुमेह, अपस्मार, तीव्र ॲलर्जी असेल तर एका पानाची योजना लेखी द्या: त्रास सुरू होताना कसा दिसतो, पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, कुणाला फोन करायचा. इनहेलर कुलुपाच्या कपाटात असून उपयोग नाही. किल्ली ज्यांच्याकडे असते ते नेमके बँकेत गेलेले असतात. मोठ्या मुलांकडे तो स्वतःजवळच असावा. मधुमेही मुलाला रक्तातली साखर उतरू लागली तर वर्गात, तासाच्या मध्येच काहीतरी गोड खायची परवानगी हवी, आणि ती प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला माहीत हवी, बदली शिक्षकालासुद्धा. या मुलांच्या तपासणीच्या तारखा आधी कळवा आणि अर्धा दिवस तरी शाळेत आणता येतं का बघा.

पाळीच्या दिवसांत दर महिन्याला एक-दोन दिवस बुडत असतील तर 'असतंच हे' म्हणून सोडून देऊ नका. दर महिन्याला शाळा चुकवण्याइतकी वेदना डॉक्टरांना दाखवण्यासारखी असते.

बुडालेला अभ्यास

ताप असताना अभ्यास नको, नुसतं ऐकणंही नको. परत आल्यावर दहा दिवसांच्या सगळ्या वह्या उतरवायला लावणं ही शिक्षाच आहे. शिक्षकांना विचारा, 'यातलं काय आल्याशिवाय पुढचं समजणार नाही?' गणितात हे उत्तर बहुधा एक-दोन घटकांचं असतं. तेवढं आधी करा. बाकीचं फोटो काढून चिकटवलं तरी चालतं.

दर मंगळवारची पोटदुखी

महिनाअखेरीला मी हजेरीपट आडवा वाचायचं सोडून उभा वाचते. एकदा एका मुलीच्या नावापुढे चारपैकी तीन मंगळवारी गैरहजेरी दिसली. दरवेळी पोटदुखी. मंगळवारी तोंडी गणिताचा तास होता. तिच्या पोटात खरंच दुखत होतं, ती नाटक करत नव्हती. भीतीनं पोट दुखतं, डोकं दुखतं, उलटीसुद्धा होते.

असं वाटलं तर आधी डॉक्टरांकडून शारीरिक कारण नाही ना हे बघा. मग मुलाशी बोला, पण सकाळी दारात नव्हे, रात्री, शेजारी पडल्यावर. 'का जायचं नाही?' याचं उत्तर बहुतेकदा 'माहीत नाही' येतं. 'शाळेतली कुठली जागा आवडत नाही?' असं विचारलं तर जिना, बस, स्वच्छतागृह असं काहीतरी ठोस निघतं. घाणेरडं स्वच्छतागृह टाळण्यासाठी दिवसभर पाणी न पिणारी मुलं मी पाहिली आहेत. कुणी त्रास देत असेल तर शाळेला लेखी कळवा.

यात घरी ठेवून बरं होत नाही. जितके दिवस जास्त, तितकं परतणं कठीण. दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण, असं वर्गशिक्षकांशी ठरवून करता येतं. आठवड्यात फरक पडला नाही तर समुपदेशकाची मदत घ्या.

हजेरीचं गणित

रजा मंजूर झाली म्हणून तो दिवस हजर धरला जात नाही, हे बऱ्याच पालकांना वर्षाच्या शेवटी कळतं. वर्षाचे 220 दिवस धरले तर 10 टक्के म्हणजे 22 दिवस. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये एवढी गैरहजेरी काळजीची मानतात, कारण कुठलंही असो. महिन्याला नुसते दोन दिवस बुडाले तरी दहा महिन्यांत 20 होतात. एकेकटा दिवस किरकोळ वाटतो, म्हणून दर तिमाहीला आकडा विचारा. खऱ्या मोठ्या आजारपणामुळे हजेरी कमी पडणार असेल तर वर्ष संपायची वाट बघू नका. दवाखान्याचे कागद जोडून मुख्याध्यापकांकडे सवलतीचा अर्ज तेव्हाच द्या.

शाळांना एकच सांगावंसं वाटतं: शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. ते मिळवण्यासाठी तापातही येणारी मुलं दर वर्षी निघतात, आणि दमा असलेल्या मुलाला ते कधीच मिळत नाही.

आकडा विचारायचं आणखी एक कारण आहे. एका वर्षी माझ्या वर्गात एकाच नावाच्या दोघी होत्या. एक पंधरा दिवस कावीळ होऊन घरी, आणि मी मांडत होते दुसरीच्या रकान्यात. दुसरीच्या आईनं तिमाहीला हजेरी मागितली नसती तर ते वर्षअखेरपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं. तेव्हापासून नाव पुकारल्यावर मी मान वर करून चेहरा बघते, मगच खूण करते.